रेडिएटरला वळलेली विडी

मी मोटारीचे काम करतो हे आमच्या बेळगावच्या कॉलेजात फार थोड्यांना माहीत आहे. ज्यांना कळले त्यांना माझ्या नखांवरून कळले. हाताचे ग्रीस साबणाने जाते, नखांच्या कडेचे जात नाही. पहिल्या वर्षी मी वर्गात हात बाकाखाली ठेवून बसत असे. आता ठेवत नाही. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि पुढे जाऊनही सुटी लागली की मोटारीखाली शिरणारा बहुधा मी एकटाच. दिवाळी अंकासाठी 'आपल्या कामाविषयी लिहा' असे संपादकांनी म्हटले, तेव्हा काम म्हणजे अभ्यास की मोटार, असे मला विचारावे लागले. त्यांनी मोटार सांगितली. बरे वाटले. अभ्यासाविषयी सांगण्यासारखे अजून काही घडलेले नाही.

माझे वडील बेळगावजवळ कंग्राळीला शेती करतात. शाळेसाठी मी निपाणीला थोरल्या चुलत्यांकडे, म्हणजे आप्पांकडे राहिलो. आप्पा आधी बैलगाडी हाकत. निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीचा माल वाहण्याचे काम त्यांच्याकडे होते. वखारीतून हाक आली की जेवत्या ताटावरून उठून बैल जुंपायचे. असे किती वर्षे चालले ते आप्पा सांगत नाहीत. पुढे त्यांनी एक जुनी मोटार घेतली, मागची बैठक काढून लाकडी बाके बसवली आणि निपाणी, संकेश्वर, बेळगाव अशी उतारू नेणारी सर्व्हिस सुरू केली. तेव्हापासून हाक आप्पा मारतात आणि लोक येतात. हा फरक त्यांच्या दृष्टीने केवढा आहे हे मला त्या दसऱ्याला कळले.

मोटारीशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी रेडिएटर म्हणजे काय ते सांगतो. चहा गरम असला की आपण तो बशीत ओततो. बशीत तो पसरतो, त्याला वारा लागतो आणि लवकर निवतो. रेडिएटर ही मोटारीची बशी. इंजिनात फिरून तापलेले पाणी वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, तांब्याच्या बारीक नळ्यांतून खाली उतरते, समोरून येणाऱ्या वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने परत इंजिनात जाते. हे फिरणे थांबले की वाफ, आणि वाफेनंतर रस्त्याच्या कडेला बसलेले उतारू.

हे एवढे साधे असल्यामुळेच प्रत्येकाला त्यातले कळते. बेळगावचे एक वकील रेडिएटरमध्ये घालायचे पाणी आधी फडक्याने गाळून मग चुलीवर कोमट करायला लावीत. गार पाणी इंजिनाला बाधते असे त्यांचे म्हणणे. मी मनात हसलो होतो. पुढे एकाने तापलेल्या इंजिनात विहिरीचे गार पाणी ओतले आणि इंजिनाचे ओतीव लोखंड टणकन तडकलेले मी पाहिले, तेव्हा वकीलसाहेबांना मनातल्या मनात नमस्कार केला. गळती लागली तर चिमूटभर हळद घालण्याची रीत सगळ्याच ड्रायव्हरांना ठाऊक आहे. हळद भेगेत जाऊन बसते आणि गाव गाठता येते.

आमच्या मोटारीचा घात झाला तो हळद नव्हती म्हणून. लढाईचे दिवस होते आणि मी दसऱ्याच्या सुटीत निपाणीला आलो होतो. संकेश्वरचा बाजार करून परत येताना रेडिएटर ठिबकू लागला. एका बाईजवळ गिरणीतून आणलेले नाचणीचे पीठ होते. कोणी उतारू म्हणाला, "आप्पा, पीठ घाला की मूठभर. पिठानं बी भेगा बुजत्यात." आप्पांनी घातले. गळती थांबली आणि गाडी थाटात निपाणीत आली. सकाळी मी झाकण उघडले तर आत आंबील घट्ट झाली होती. एक भेग बुजली होती, आणि तिच्याबरोबर बहुतेक नळ्याही.

काकी, म्हणजे आप्पांच्या घरच्या, वाकून वास घेऊन म्हणाल्या, "मीठ तेवढं ऱ्हायलंय. ताक आणू काय?"

आप्पा हसले नाहीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बेळगावला गाडीची वार्षिक तपासणी होती. तिला आम्ही पासिंग म्हणतो. त्या दिवशी गाडी उभी राहिली नाही तर ती रस्त्यावर चालवण्याची परवानगी जाणार, आणि तो रस्ता दुसऱ्या कोणाला मिळणार.

आम्ही रेडिएटर काढून तांबटाकडे नेला. तो भला माणूस. त्याने नळ्या मोकळ्या करायचा प्रयत्न केला, पण एक सांधा जुळवायला आच दिली की शेजारचे दोन सुटत. शेवटी त्याने तो बाजूला ठेवला. "घागर असती तर जोडून दिली असती रं पोरा. ह्याच्यात जीव न्हाय." कोल्हापूर आणि बेळगाव दोन्हीकडे नवा रेडिएटर विचारला. लढाई संपू द्या, असे उत्तर आले.

वखारीच्या शेटजींना हे कळायला वेळ लागला नाही. त्यांच्या दोन लॉऱ्या होत्या आणि आता उतारूंची मोटार काढायची होती. ते आमच्या दारात आले, पुढचे तोंड उघडे पडलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि गोड आवाजात म्हणाले, "आप्पा, मोडीत घाला हे. आमच्या मोटारीवर ड्रायव्हर म्हणून या. खाकी डगला शिवून देतो."

आप्पांनी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाले, "पुन्ना तुमच्या हाकेवर? न्हाय जमायचं, शेट."

"बघा. पासिंग झाल्यावर बोलू." शेटजी हसून गेले.

मी त्याच दिवशी संकेश्वरला गेलो. गुळाची वाहतूक करणाऱ्या एका लॉरीवाल्याची लॉरी तवंदीच्या घाटात उलटली होती आणि तिचे सामान त्याच्या परड्यात पडून होते. रेडिएटर शाबूत दिसत होता. मी भीतभीत विचारले. तो कानडीत म्हणाला, "तगोंड होगप्पा, इल्लि कुंतु एन माडतैति?" घेऊन जा बाबा, इथे बसून ते काय करतंय, असा त्याचा अर्थ. मी दोन्ही हात जोडले. रेडिएटर निपाणीला येणाऱ्या बैलगाडीत भाताच्या पेंढ्यात गुंडाळून पाठवायचे ठरले. वाटेत बैलगाडीचा आस मोडला, आणि रेडिएटर आमच्या दारात पोचला खंडेनवमीच्या सकाळी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची करवत, आणि आमच्या घरी पाने, पक्कड, हातोडी, जॅक. सगळे धुऊन, पुसून, सोप्यातल्या पाटावर मांडून, हळदीकुंकू लावून काकींनी झेंडू वाहिला होता. दसऱ्याला आपट्याचे सोने लुटून आल्याशिवाय त्यांतले काही कामाला लावायचे नाही. आणि आम्हाला तर दसऱ्याच्या दुपारीच बेळगावला निघायला हवे होते, कारण घाट चढायचा होता आणि दिवे धड नव्हते.

मी सोप्याच्या उंबऱ्यात उभा राहिलो. "काकी, एकच पाना. काम झालं की परत ठेवतो."

"न्हाय."

"लोखंडाला काय कळतंय काकी?"

"तुला कळतंय न्हवं? वरीसभर राबत्यात ती. एक दिस निजू द्यात."

आप्पांकडे पाहिले. ते म्हणाले, "तिच्या म्होरं माझं चालत असतं तर मी पीठ घालून घेतलं असतं व्हय त्या बाईचं?" याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण त्यांची माझ्या बाजूने बोलण्याची तयारी नव्हती एवढे समजले. शेजारून आणावा तर सगळ्या निपाणीचे पाने त्या दिवशी पाटावर होते. काकी स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच उचलता आला असता. मनात आले, नाही असे नाही. पण ज्या बाईने मला शाळेच्या वर्षांत रोज गरम भाकरी घातली तिच्या देवापुढून चोरून पाना उचलून मी गाडी दुरुस्त केली असती, तर ती गाडी मला पुढे सुखाने बघता आली नसती. मी ठरवले, पान्याशिवाय बसवायचा.

रेडिएटर गाडीच्या तोंडाशी धरून पाहिला. तो लॉरीचा. रुंद, उंच, आणि त्याची भोके आमच्या सांगाड्याच्या भोकांशी जुळत नव्हती. भोके पाडणे आज शक्यच नव्हते. वखारीच्या मागे पडलेली एक बाभळीची दांडी आणून ती सांगाड्याच्या दोन बाजूंवर आडवी ठेवली. तिच्यावर गोणपाटाची घडी, घडीवर रेडिएटर. मग आप्पा पुढे आले. बैलगाडीचे जू बांधायला ज्या रीतीने आवळतात तसे त्यांनी अंबाडीची भिजवलेली दोरी फिरवली. दोरी वाळली की आवळते. आप्पांचे हात इतके झरझर चाललेले मी स्टिअरिंगवर कधी पाहिले नव्हते. जी एक-दोन भोके जुळत होती त्यांत बोल्ट घालून मी चिमटीने फिरवता येतील तेवढे फिरवले.

वरच्या नळीसाठी लॉरीचे रबर रेडिएटरबरोबर आले होते. ते बसले. खालच्या नळीने अडवले. रेडिएटरचे तोंड रुंद, इंजिनाचे अरुंद, आणि मधे वीतभर अंतर. असे रबर जगात असेल तर ते निपाणीत नव्हते.

मी विहिरीवर जाऊन बसलो. आमच्या शेजाऱ्यांची फाटकी मोट तिथे खुंटीला टांगली होती. मोटेची सोंड म्हणजे पाणी पाटात ओतणारी चामड्याची लांब नळी. ती वर्षानुवर्षे तेल आणि पाणी पिऊन मऊ झाली होती. कढत्या पाण्यात चामडे आकसते हे मला माहीत होते, म्हणून वरच्या नळीला ते चालले नसते. पण खालच्या नळीतून निवलेले पाणी जाते. तिथे ते तगेल. शेजाऱ्यांना विचारून मी सोंडेची कुजकी शिवण हातानेच उसवली आणि चामड्याचा पट्टा घेऊन आलो. पण पट्टा एका बाजूला रुंद, एका बाजूला अरुंद असा गुंडाळायचा कसा? मी गुंडाळला की एक टोक सुटे.

काकी दारात विड्या वळायला बसल्या होत्या. निपाणीत घरोघरी बायका वळतात तशा. कात्री पाटावर होती म्हणून त्या आदल्या दिवशी कापून ठेवलेली पाने वापरत होत्या. माझी झटापट बघून त्यांनी सूप बाजूला सारले.

"आण हिकडं. काय करायचंय तुला?"

"हे टोक मोठं पायजे, हे बारीक. मधे फट न्हाय पडली पायजे."

"मग विडीच की रं ही." त्यांनी चामडे मांडीवर घेतले, चाचपले. "पान लई थोराड हाय. भिजव आनखी."

मी भिजवले. एरंडेल चोळले. काकींनी पट्टा तिरका धरला, कोपरा आत दुमडला आणि अंगठ्यांनी दाबत असा वळला की एका बाजूला माझी मूठ जाईल आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटे. पदरावर पदर, कुठे सुरकुती नाही. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "तंबाखू तूच भर."

ती विडी दोन्ही तोंडांवर चढवून आप्पांनी वरून खालपर्यंत दोरीने आवळली. पाणी घातले. आधी धार लागली. मग थेंब. चामडे फुगत गेले तसे थेंबही लांबले. सूर्य कलेपर्यंत आम्ही तिघे गाडीपुढे उकिडवे बसून होतो.

दसऱ्याला सकाळी गाडीची पूजा झाली. काकींनी तिच्या तोंडाला झेंडूचे आणि आंब्याच्या पानांचे भरघोस हार बांधले. हत्यारे फडक्यात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेऊन त्या पुढे बसल्या. आप्पा म्हणाले, "तू कुठं निघालीस?"

"विडी सुटली तर वळणार कोण?"

तवंदीचा घाट चढू लागलो आणि अर्ध्यात पोचतो न पोचतो तोच झाकणातून वाफ निघाली. आप्पांनी गाडी कडेला घेतली. मी उडी मारून उतरलो. पाणी असेच उकळत राहिले तर खालचे चामडे आकसणार आणि मग काही उरणार नाही. आप्पांनी काकींच्या मांडीवरच्या फडक्याकडे हात केला.

"दे. वेशीबाहेर आलोय, सीमोल्लंघन झालंच की."

"सोनं कुठं लुटलंय अजून?" काकींनी फडके घट्ट धरले.

"गाडी गेली तर सोनं काय चाटायचंय?"

ती दोघे भांडत असताना मी रेडिएटरपुढे वाकलो. नवीन रेडिएटर मोठा, पाणी भरपूर, दोऱ्या घट्ट. मग का तापावे? इंजिन चालूच होते. जाळीवर तळहात धरला. पंखा मागून ओढत होता, पण माझ्या हाताला वारा लागत नव्हता. हारांच्या आत हात घातला, तर तिथेही नाही. झेंडू आणि पाने इतकी दाट होती की बशीवर कोणी झाकण ठेवावे तसे झाले होते.

"आप्पा, पाना नको. हार काढायचा."

आप्पांनी हात मागे घेतला. पूजेचा हार वाटेत काढायचा, तोही दसऱ्याला, हे त्यांना पटेना. काकी मात्र खाली उतरल्या. जाळीजवळ हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "घुसमटलीया ती. अंगावरचा दागिना असला म्हणून काय झालं?" त्यांनी स्वतःच्या हाताने गाठी सोडल्या आणि हार मागच्या बाकावर, उतारू बसतात तिथे, नीट पसरून ठेवले. आम्ही गाडी निवू दिली. चामड्याचे वरचे टोक थोडे आखडले होते. आप्पांनी दोरी सोडून, भिजवून पुन्हा आवळली. पाणी मी वकीलसाहेबांना स्मरून, इंजिन निवल्यावरच, थोडे थोडे घातले. पुढचा घाट गाडी एका दमात चढली.

संध्याकाळी कंग्राळीत वडिलांकडे पोचलो. वेशीवर जाऊन सोने लुटले, वडीलधाऱ्यांना दिले, आणि मग काकींनी फडके माझ्यापुढे उघडले. पान्यांवरचे कुंकू तसेच होते. जेवढे बोल्ट बसत होते तेवढे मी उजेड आहे तोवर आवळले. दोऱ्या मात्र सोडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बेळगावला तपासणीच्या मैदानात आमची गाडी सगळ्यांत वेगळी दिसत होती. पुढचे तोंड फुगलेले, बॉनेट बसत नाही म्हणून दोरीने बांधलेले. तपासणारे साहेब करड्या मिशीचे, कमी बोलणारे. त्यांनी ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवला, मग खाली वाकून काठी त्या विडीवर टेकवली आणि इंग्रजीत विचारले, हे काय?

मी त्यांच्यासाठी इंग्रजीत एक चांगले वाक्य रात्री पाठ केले होते. ते ऐन वेळी डोक्यातून गेले. "लेदर, सर," एवढेच निघाले.

"लेदर?"

"येस सर. फॉर कोल्ड वॉटर ओन्ली, सर."

त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितले. चालू ठेवले. चामड्याच्या खाली एक थेंब जमला, लोंबला आणि धुळीत पडला. साहेबांनी तो पाहिला. मीही पाहिला. आप्पांनी नजर दुसरीकडे वळवली. मी म्हणालो, "सर, इट विल स्टॉप." माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. साहेब इंजिन बंद करू नका असे खुणेने सांगून पुढच्या गाड्यांकडे गेले.

आम्ही उभे. काकी पदर तोंडाला लावून पुटपुटत होत्या, "फुग गं बाई, फुग." दुसरा थेंब पडला. तिसरा जमला, बराच वेळ लोंबकळला आणि पडलाच नाही. साहेब परत आले तेव्हा विडीच्या तोंडाशी नुसती ओल होती आणि इंजिन शांतपणे चालले होते. त्यांनी काठीने धूळ टोकरली, झाकणाला हात लावून पाहिला आणि कारकुनाला काहीतरी सांगितले. कारकून आमच्याकडे वळून म्हणाला, "पास. रबर मिळंल तवा बसवून घ्या म्हणत्यात."

रबर लढाई संपल्यावर मिळाले. ते बसवताना जुनी विडी काढून बाजूला टाकली आणि कोणी उचलून नेली की कुजली, पत्ताच लागला नाही. ती ठेवायला हवी होती. त्यानंतर मी बरेच रेडिएटर बसवले, सगळे पान्याने. त्यांतला एकही आठवत नाही.

मैदानातून आम्ही सरळ मोटारी उभ्या राहतात तिथे गेलो. दसऱ्याला आलेले लोक परत निघाले होते. आप्पा खाली उतरले, धोतराचा सोगा खोचला, आणि घसा खाकरून अशी हाक मारली की पलीकडच्या टांग्याचा घोडा बिचकला.

"चला संकेश्वर! निपाणी! निपाणीऽऽ!"

बोचकी, पोरे, कोंबडीची पाटी घेऊन लोक आले. शेटजींच्या ओळखीचा एक मुनीमही आला, दोरीने बांधलेल्या बॉनेटकडे पाहून थबकला आणि मग गुपचूप कडेला बसला. हार उचलून काकींनी मांडीवर घेतले, हारांच्या जागीही एक माणूस बसला. मी मागच्या पायरीवर उभा राहून सगळे बसले का पाहत होतो. आप्पा हँडल मारून मागे आले.

"शिवा, तुला जागा न्हाय रं."

"मला कुठं यायचंय आप्पा? उद्या कॉलेज हाय."

"मग उतर की पायरीवरनं," आप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

मी उतरलो.